शूटिंगची तिरडी

(वडखळजवळच्या खाडीकाठच्या एका गावातलं घर. दुपार. टीव्हीवर चादर टाकलेली.)

मालू : ती चादर मी काढणार आहे, आई. तू कितीही ओरड.

आई : हात लावून बघ. बापाचा दहावा व्हायचा हाय अजून, नि पोरगी टीवी लावते. लोक तोंडात शेन घालतील.

मालू : टीव्ही नाही बघायचा मला. आबांना बघायचंय.

आई : बापूस गेला गो तुझा. टीवीत नाय जाऊन बसला.

मालू : बसले नाहीत, निजलेत. मे महिन्यात मिठागरावर शूटिंग झालं, आबा तिरडीवर निजले, ते गाणं आज चार वाजता पहिल्यांदा दाखवणार आहेत. पुन्हा कधी लावतील, लावतील की नाही, कोणाला माहीत नाही. त्यात त्यांचं तोंड आहे. मला एकदा ते बघू दे.

आई : तोंड बघायचं तर येळेवर यायचं होतं.

प्रविण : आये!

आई : काय आये? खोटं बोलले काय मी?

मालू : नाही, खरं आहे. अष्टमी गावातल्या एसटीडी बूथवर फोन आला, तिथला पोरगा पूल ओलांडून रोह्याला माझ्या वाचनालयात सांगायला आला, मी आहे तशी निघाले. नागोठण्याला एसटी अडकली. वडखळपासून पळत आले. तोवर तुम्ही बांधावर पोचला होतात. मी हाक मारली, ती प्रविणनं ऐकली. हातात मडकं घेतलं की मागे बघायचं नसतं, म्हणून त्यानं बघितलं नाही. हे सगळं झालंय. त्यावर मी कोणाला काही बोलले का?

प्रविण : बोल की मग. बोललीस तर बरं वाटंल. तेव्हापासून तू मला नुसता चहा देतेस.

मालू : बोलायचं काही नाही. वायर जोड.

प्रविण : मी थांबा म्हणालो होतो, ताई. विठूकाका बोलले, पुनवेचं उधाण हाय, बांध बुडला तर मसणवट तिकडं नि आपण इकडं. ओहोटीला थांबलो तर दिवस मावळंल. विसावा पण नाय घेतला गो. अर्ध्या वाटेत तिरडी खाली टेकायची, खांदे बदलायचे, तेवढं पण नाय. चालता चालता बदलले खांदे.

मालू : माहीत आहे. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी तेच बघत होते. आता टेकतील, आता टेकतील. टेकली असती तर मी पोचले असते... वायर, प्रविण.

आई : कुटली वायर? काळुरामनं जोड काढून ठेवलाय. सुतकाच्या घरात गानी नकोत म्हनून. शहाना हाय तो, केबलवाला असून. त्यानं बुकं नाय वाचली तुझ्यावानी.

प्रविण : शहाणा कसला? भेटायला आला, रडला, नि रडता रडता बोलून गेला, गुणाजीकाका सोमवारी टीव्हीवर येणार. मग जीभ चावली.

मालू : त्यानं जीभ चावली म्हणून आज सोमवार टळत नाही. रेकॉर्ड करता आलं असतं तर मी एवढी घाई केली नसती.

प्रविण : काळुरामच्या व्हीसीआरचं हेड गेलंय. वडखळला भाड्यानं मिळतो, पण सुतकाच्या घरात देत नाय.

आई : बघ. व्हीसीआरवाल्याला पन कळतं.

मालू : आई, मी तुझ्या पाया पडते.

आई : सुतकात पाया पन पडत नसतात.

प्रविण : आये, वायर मागं घोसाळ्याच्या मांडवावर गुंडाळून टाकलीय. मी नुसती जोडतो. कोणाला दिसत नाय.

आई : तू अग्नी दिलायस, पव्या. तू गप चटईवर बस.

प्रविण : चटईवर बसून पाठ आखडली माझी. आलोच.

आई : जा, जा. एक वाचनालयानं वाया गेली, दुसरा कंपनीनं. रातपाळी करून करून ह्याला दिवस कळंना का तिथी कळंना.

प्रविण : ताई, वायर पार वर गेलीय. मांडवाच्या बांबूवर पाय देऊन चढतो.

मालू : त्या बांबूवर पाय देऊ नको!

प्रविण : का? जाड हाय की.

मालू : नको म्हटलं ना. स्टूल घे.

आई : का गो? चांगला बांबू हाय. तुझ्या बापसानं आनलाय जेठात. मिठागरावर पडला होता बोलला... काय? काय बघतंस माझ्याकडं? मालू?

मालू : काही नाही.

आई : पव्या, काय हाय त्या बांबूचं?

प्रविण : शूटिंगचा हाय तो, आये.

आई : शूटिंगचा मंजे?

मालू : तिरडीचा. गाणेवाले तिरडी तिथंच टाकून गेले. आबा म्हणाले, एवढा सरळ बांबू फुकट कशाला घालवायचा.

आई : अरे देवा, माझ्या देवा. बांधलेली तिरडी घरी आनली? नि मी सबंध पावसाळा त्यावरची घोसाळी खाल्ली? भजी केली गो मी त्यांची! शेजारी वाटली!

प्रविण : बायजाबाईला पण?

आई : तिला तर दोनदा.

प्रविण : मग तिला नको सांगू.

आई : हसू नको, मेल्या. आता कळलं मला. मी इतकी डोकं फोडतेय, चांगला जेवला, चांगला निजला, नि पहाटे छातीत दुखून मानूस जातो कसा? तिरडी घरात आली ती मोकळी कशी जाईल! मागच्या दारी उभी होती ती. तुझ्या त्या केसवाल्या चौघांनी मारला त्याला.

मालू : त्यांनी कोणाला मारलं नाही. ते गाणी म्हणतात.

आई : नाव तरी काय? फलाट सात. मानसाचं नाव का जागेचं? गाडी चुकलेले कुटले.

मालू : मी कॉलेजात होते तेव्हापासून ऐकते त्यांना. आबांना पण आवडायचे.

आई : त्याला कसले आवडतात! तू कॅसेट लावायचीस म्हनून तो मान हलवायचा. तू कीर्तन लावलं असतंस तरी हलवली असती.

मालू : त्यांना पांढरं मिठागर पाहिजे होतं, ते आपल्या गावाला आले. मी रजा काढून बघायला आले. मेलेला बाप व्हायला त्यांनी मुंबईहून नट आणला होता, त्याला उन्हानं भोवळ आली. गावातलं कोणी तिरडीवर निजेना. ते सामान गाडीत भरायला लागले. आबांनी माझ्याकडे बघितलं, डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली, नि निजले. एवढंच झालं.

आई : एवढंच! जिवंत मानूस तिरडीवर निजला, नि म्हने एवढंच.

प्रविण : आये, आबा नुसते निजले नाय, घोरले! बायजाबाईचा पोपट पुढं होता, विठूकाका मागं, मी बाजूला चालत होतो. खांद्यावर घेतलं नि वरून घर्र घर्र. तो डायरेक्टर ओरडतो, बॉडी! सायलेंट! नि आबा तिरडीवरून विचारतात, काय बोलला रे तो?

मालू : ओठावर तुळशीचं पान ठेवलं होतं, ते चावून खाल्लं. परत दुसरं आणायला लागलं.

आई : ... खरं खाल्लं?

प्रविण : खरं. भूक लागली होती बोलले.

आई : भुकेला कच्चाच तो. सकाळी भाकरी नाय खाऊन गेला त्या दिवशी. मी बांधून दिलेली... जोडलीस काय वायर?

प्रविण : जोडलीय, पण जोड धरत नाय. हातानं दाबून उभं राहायला लागंल खिडकीशी. इथून मला टीव्ही दिसत नाय.

मालू : मी सांगते तुला काय दिसतं ते.

आई : आवाज नाय पायजे. सांगून ठेवते. एक सूर जरी भायेर गेला ना, मी ती टीवी खाडीत नेऊन टाकीन.

मालू : आवाज बंद ठेवते. गाणं मला पाठ आहे.

आई : नि मी नाय बघनार. मी भिंतीकडं तोंड करून बसते.

मालू : मग आत जाऊन पड ना जरा.

आई : नाय. तू काय करतंस त्यावर कुनी नजर ठेवायला पायजे.

मालू : पाठ करून नजर ठेवणार?

आई : काढ ती चादर. बुकातलं बोलू नको.

प्रविण : आलं काय चित्र?

मालू : मुंग्या आहेत. दाब अजून. हां, आलं. धर तसंच. तेलाची जाहिरात चालू आहे.

प्रविण : ताई, एक विचारू? तोंड बघशील नि काय होईल? ते शूटिंगमधलं तोंड. जिवंत माणसाचं. रंग लावलेलं.

मालू : रंग नव्हता लावला. आबा लावून घेईनात. विसाव्याला तिरडी टेकतात, त्यांचा गाणारा रूबेन पळत येतो, तो मुलगा झालाय ना त्यात, शहरातून उशिरा आलेला. तो चादर बाजूला करतो नि कॅमेरा आबांच्या तोंडावर थांबतो. खूप वेळ थांबला होता. मी मोजत नव्हते, पण खूप वेळ. तेवढं मला पाहिजे.

आई : त्यांच्यात टेकतात काय तिरडी?

मालू : त्यांना माहीतच नव्हतं. विठूकाका अडून बसले, विसाव्याबिगर आम्ही पुढं जाणार नाय. मग डायरेक्टरला ते इतकं आवडलं की त्यानं गोष्टच बदलली. मुलगा तिथं बापाला गाठतो.

आई : खोट्या मड्याला विसावा दिला. नि खऱ्याला...

प्रविण : आये, नको.

मालू : गप्प बसा. लागलं.

प्रविण : लागलं?

मालू : नाव आलं. फलाट सात. पांढरं. सगळं पांढरं आहे. आपलं मिठागर इतकं पांढरं आहे, आई?

आई : मिठाचं हाय, काळं असंल काय?

मालू : नाही, पण... असं मी कधी बघितलंच नाही. खाडी बघ केवढी दाखवलीय. आता गाडी. रूबेन गाडीतून उतरतो. अरे, हे जिते आहे! जिते स्टेशन! प्रविण, त्यांनी जित्याला पण शूटिंग केलं.

प्रविण : जित्याला? तिथं तर कुत्रं पण उतरत नाय.

मालू : फलाटावर तो एकटाच आहे. हातात बॅग. तिघे मागे बाकावर बसून वाजवतायत, नि तो त्यांच्याकडे न बघता जातो. काय सुंदर घेतलंय. तो निळा शर्ट... किती...

आई : लाज नाय वाटत?

मालू : वाटते. वाटते नि बघतेही आहे.

प्रविण : ताई, ऐक. ऐकू येतंय काय? बायजाबाईकडं लागलंय.

मालू : हो. हो! आवाज आला. आई, भिंतीपलीकडून येतोय. आता हे कडवं संपेल नि गिटार येईल... आली.

आई : पोपट हाय ना त्यात खांदा द्यायला. बघत असतील पोराला. सगळं घर जमलं असंल.

मालू : शब्द साधेच आहेत, पण चाल... आई, गाणं फार चांगलं झालंय. वाईट झालं असतं तर बरं झालं असतं. मला राग तरी आला असता.

आई : हळू बोल. रडायचं तर मोठ्यानं रड, बोलायचं तर हळू बोल.

मालू : बंद झालं. का बंद झालं? प्रविण, त्यांनी आवाज बंद केला!

प्रविण : आठवण झाली असंल. शेजारी सुतक हाय म्हणून.

आई : मानुसकी हाय त्यांना.

मालू : नको ती. लावा म्हणावं. प्रविण, जा ना, सांग त्यांना, ह्या घराची काही हरकत नाही, लावा म्हणावं!

प्रविण : वायर सोडली तर चित्र जाईल, ताई.

मालू : नको. नको सोडू. धर. राहू दे आवाज. मला पाठ आहे. आता दुसरं कडवं. रूबेन बांधावरून चालतोय. मिठाच्या राशी. बायका टोपल्या घेऊन चालल्यात, त्यात आपली कोणी नाही, मुंबईच्या आहेत.

आई : कसं कळलं?

मालू : टोपली कमरेवर धरलीय.

आई : मिठाची टोपली कमरेवर! आन चुंबळ?

मालू : नाही.

आई : खुळे. पार खुळे.

मालू : आली. तिरडी आली. लांबून येतेय. चौघं आहेत. पोपट दिसला. विठूकाका. मागे सगळा गाव. प्रविण, तू आहेस. तू चप्पल घालून चालतोयस!

प्रविण : कोणी बोललं नाय मला काढायला.

आई : नि तो?

मालू : लांब आहेत अजून. पांढरी चादर दिसते नुसती. थांब. जवळ आलं. पाय आले. आई, पाय आले आबांचे.

आई : कशावरनं त्याचे? गावात सगळ्यांचे पाय मिठानं तसलेच फाटलेत.

मालू : टाचांना भेगा आहेत. उन्हात चमकतायत.

आई : उजव्या अंगठ्याला नख हाय?

मालू : एवढं... थांब. नाही. नख नाही.

आई : मग तोच. फावडं पडलं होतं त्यावर. तुझ्या येळेला मी पोटुशी होते.

मालू : तू बघ ना, आई. वळ ना जरा. पडद्यावर आहेत ते. आहेत अजून.

आई : नाय. तू सांग.

मालू : गेले पाय. पुन्हा रूबेन. आता त्याला लांबून तिरडी दिसली. बॅग टाकली. पळतोय. हे मी बघितलंय, हे तीनदा घेतलं होतं, मी इथं खांबाआड उभी होते, माझ्या हातात आबांची टोपी होती. आता विसावा येईल. पळतोय. आता टेकतील.

प्रविण : टेकली काय?

मालू : नाही अजून. पळतोय. पाणी उडतंय. गिटार आहे इथं, मोठी, म्हणून लांबवलं असेल. आता टेकतील. माणसं पाठमोरी दिसतायत. चाललेत. का चाललेत? प्रविण, टेकली होती ना तिथं? त्या पाण्याच्या झडपेच्या अलीकडे?

प्रविण : टेकली होती. मी बघितलंय. आबा उठून पाणी प्यायले होते तेव्हा.

मालू : मग का टेकत नाहीत? टेका ना. अहो, टेका ना. तो येतोय मागून, दिसत नाही का तुम्हाला! एकदा टेका. एकदा.

आई : मालू. बाये, आवाज.

मालू : पाणी आलं. बांधावर पाणी दाखवलं. तो उभा राहिला. गुडघाभर पाण्यात उभा राहिलाय. तिरडी एवढीशी झाली. एवढीशी... नुसता ठिपका...

प्रविण : ताई?

मालू : संपलं.

प्रविण : संपलं म्हणजे? तोंड?

मालू : साबणाची जाहिरात लागली.

प्रविण : मी बघितलंय ना ते शूटिंग. चादर काढली होती. कॅमेरा खाली बसवला होता जमिनीवर. ते गेलं कुठं?

मालू : कापलं. तो पोचतच नाही, असं केलं त्यांनी. तसं जास्त चांगलं वाटलं असेल त्यांना. आहेही. चांगलंच केलंय.

प्रविण : परत लागंल. उद्या लागंल. काळुरामला विचारतो.

मालू : परत लागेल ते हेच लागेल. सोड वायर. नाही, त्यांच्याकडे असेल. कापलेलं लगेच फेकून देत नाहीत. डबे असतात, ठेवतात ते. कॅसेटच्या खोक्यावर पत्ता आहे. मी जाते.

प्रविण : कुठं?

मालू : मुंबईला. आत्ता निघाले तर वडखळला गाडी मिळेल.

प्रविण : ताई, त्यांच्या ऑफिसात कोण उभं करणार तुला?

मालू : पाया पडेन. सांगेन, तुमच्या गाण्यातलं प्रेत माझा बाप आहे. किती वेळ लागतो दाखवायला? मशीनवर लावायचं, मी बघेन, परत येईन. माझी पर्स कुठं आहे?

आई : कुनाच्या दारात जाशील सुतक घेऊन?

मालू : त्यांना नाही कळत सुतक. बरंच आहे ते.

आई : भिंतीवर फोटो हाय की बापाचा. तो बघ.

मालू : तो त्यांच्या पंचविशीतला आहे, आई. तो प्रविणसारखा दिसतो. मला माझे आबा पाहिजेत. माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं तोंड येत नाही. कळतंय का तुला? मी डोळे मिटते, टोपी येते, हात येतात, बोलणं ऐकू येतं, मालू, जेवलीस का, अगदी जवळून ऐकू येतं. नि तोंडाच्या जागी काही नसतं. रोज थोडं थोडं पुसलं जातंय. अजून थोडे दिवस गेले तर काही उरणार नाही. मला भीती वाटते गं. मला पर्स दे.

प्रविण : आये, तू तरी सांग तिला.

आई : पव्या, सोड ती वायर. आत ये. टीवी बंद कर.

मालू : मी जाणार आहे.

आई : जाशील. पयली बस खाली.

मालू : गाडी जाईल.

आई : गाड्या काय, येतच असतात हायवेला. बस म्हनते ना. हितं, माझ्या पुढ्यात. पव्या, तू पन बस. मी होते ना उशाशी. पहाटपासनं तिरडी उचलेपतुर मी होते. मला इचारलं काय कुनी?

मालू : तू बोलत नव्हतीस माझ्याशी.

आई : नि तू? आल्यापासनं त्या दारात बसून पान्याकडं बघतंस. जेव म्हटलं तर जेवतंस, नीज म्हटलं तर निजतंस. तुला वाटलं म्हातारीला काय इचारायचं. ती टीवीवाली सांगतील.

मालू : ... कसे दिसत होते?

आई : दाढी वाढली होती. आदल्या दिशी करनार होता, नाय केली. पांढरी खुटं आली होती सगळी, हनवटीवर जास्ती. गालावर चटईचे वळ उठले होते. ह्या अंगाला. कुशीवर निजलेला ना.

मालू : डाव्या?

आई : उजव्या. भिंतीकडं तोंड करून निजायचा तो. नाय काय?

मालू : हो. भिंतीकडे.

आई : मी पुसलं तोंड. गरम पानी केलं होतं. वळ जातील म्हटलं, नाय गेले. कपाळ टोपीच्या वर गोरं, खाली काळं. रेघ मारल्यावानी. पुसताना दोन मानसांचं पुसते वाटलं.

प्रविण : मला दिसलं नाय ते. मी पायाशी होतो.

मालू : रागावलेले दिसत होते? दुखलं असेल ना फार.

आई : नाय गो. दुखलं तेवा दुखलं. मग नाय. नंतर आळस आल्यावानी दिसत होता. मिठागरावर जायचं हाय, नि पानी अजून यायचं हाय, तवर पडतो जरा, तसा.

मालू : तोंड मिटलेलं होतं?

आई : उघडं होतं. मी फडकं बांधलं हनवटीखालनं. मग मिटलं. वरचा दात पडलेला, तिथं ओठ जरा आत गेला होता.

मालू : हो. तिथं जायचा आत. हसताना पण जायचा.

आई : हसताना जास्ती.

मालू : मिशी?

आई : मिशी वली होती, पुसली ना मी. खाली बसलेली. ह्या टोकाला पिवळी, तपकिरीनं.

मालू : सावकाश सांग, आई. दिसतंय मला. डोळे?

आई : उजवा मिटला लगेच. डावा मिटंना. दोनदा हात फिरवला मी.

मालू : मग?

आई : मग राहू दिला तसाच. बोलले, पोरगी यायची हाय.